चौथ्या क्रमांकाचं पोकळ वर्तुळ

अण्णांच्या वहीला निळा पुठ्ठा आहे आणि आतले सगळे रकाने पट्टीने आखलेले आहेत. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्यभर वेबिलं, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशेबाचे कागद, भरली, त्यामुळे आकडा रकान्याबाहेर गेलेला त्यांना आजही खपत नाही. १९७२ पासून दर ऑलिंपिकला ही वही कपाटातून निघते. पेपरात छापून आलेला पदकतक्ता त्यांनी कधी कापून चिकटवला नाही, हाताने उतरवला. "चिकटवलं की पान उलटतं. लिवलं तर ध्यानात ऱ्हातं," असं त्यांचं म्हणणं. देश, सुवर्ण, रौप्य, कांस्य, एकूण. भारताची ओळ लाल शाईने.

१९८४, १९८८ आणि १९९२ च्या पानांवर जरा वेगळं दिसतं. या तिन्ही वेळी भारताला एकही पदक मिळालं नाही, आणि पदक नसलेल्या देशाला पेपरातल्या तक्त्यात जागाच नसते. तरीही पानाच्या तळाशी, सगळे देश संपल्यावर एक ओळ सोडून, अण्णांनी लाल शाईने 'भारत' लिहिलं आहे आणि पुढे चार शून्यं काढली आहेत. लहानपणी मी विचारलं होतं, शून्यं कशाला लिहायची? "गाडी रिकामी आली तरी वेबिल भरायलाच लागतं," ते म्हणाले होते.

२०२४ च्या जुलैत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी ते कराडहून माझ्याकडे पुण्याला आले होते आणि नेमकं पॅरिसचं ऑलिंपिक सुरू झालं. डोळ्यांवर काळा चष्मा, काही दिवस लिहिणं-वाचणं बंद. १ ऑगस्टच्या दुपारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. म्हणजे मी बघत होते आणि ते ऐकत होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा. प्रत्येक गोळीचा आकडा मी मोठ्याने सांगत होते. ४५१.४ वर तो तिसरा राहिला. खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक, असं निवेदक सांगू लागले, तेव्हा अण्णांनी चष्मा काढला आणि डोळ्याला हात लावू नका म्हणून मला त्यांचा हात धरावा लागला.

खाशाबांची मिरवणूक त्यांनी पाहिलेली आहे. १९५२ साली ते सहा वर्षांचे होते. कराडहून गोळेश्वरकडे निघालेल्या बैलगाड्या, रंगवलेली शिंगं, गुलाल, आणि चुलत्याच्या खांद्यावरून दिसलेली एक पाठमोरी मान, एवढंच त्यांना आठवतं. पण ते इतक्या वेळा सांगितलंय की आता ती आठवण माझीही झाली आहे.

"वहीत लिही," ते म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, या वेळी वही संगणकावर करते. मोठी अक्षरं, मोठी वर्तुळं. तुमच्या डोळ्याला त्रास होणार नाही.

आकड्यांचे आलेख काढणं हे माझं पोटापाण्याचं कामच आहे. एका विमा कंपनीत मी दाव्यांची आकडेवारी पाहते. पण आलेखाची खरी गोडी लावली ती स्वीडनच्या हान्स रोसलिंग या डॉक्टरांनी. १९७२ मध्ये ते काही काळ बेंगळुरूत सार्वजनिक आरोग्य शिकायला होते. २००६ साली त्यांनी एका व्यासपीठावर जगातल्या देशांचे रंगीत बुडबुडे पडद्यावर टाकले आणि वर्षं पुढे सरकवली, तसे ते बुडबुडे चालू लागले. लोकसंख्या जेवढी मोठी तेवढा बुडबुडा मोठा. कोणता देश पुढे गेला, कोण मध्येच खाली कोसळला, हे डोळ्यांदेखत घडताना दिसत होतं. ते भाषण मी किती वेळा पाहिलं असेल! छापील तक्ता एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि तो प्रश्नही छापणाऱ्याने आधीच ठरवलेला असतो. हलत्या आलेखात पुढचा प्रश्न आपल्या बोटाने विचारता येतो. मला तो फरक तेव्हा उमगला आणि आजवर पुरला आहे.

ऑलिंपिकची माहिती शोधताना इंटरनेटवर सगळ्यांना खुली असलेली एक फाइल हाती लागली. १८९६ ते २०१६ पर्यंतची २,७१,११६ ओळींची. प्रत्येक ओळ म्हणजे एका खेळाडूने एका स्पर्धेत घेतलेला भाग: नाव, वय, उंची, वजन, देश, वर्ष, शहर, खेळ, पदक. टोकियो आणि पॅरिसचं मी स्वतः भरलं. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्यावर देश, प्रत्येक ठिकाणी पदकांच्या संख्येइतकं वर्तुळ. खाली वर्षांचा स्लायडर, बाजूला खेळांचे फिल्टर. कर्सर वर्तुळावर नेला की छोटी चौकट उघडणार आणि त्यात नावं दिसणार.

पहिल्याच फेरीत भारताची १९२८ ते १९५६ ची वर्तुळं फुगून शेजारच्या देशांवर चढली. कारण सापडायला एक रात्र गेली. फाइलमध्ये ओळ खेळाडूची आहे, संघाची नाही. हॉकीच्या एका सुवर्णपदकापुढे संघातल्या प्रत्येकाच्या नावासमोर 'गोल्ड' लिहिलेलं, आणि मी ती सगळी वेगवेगळी पदकं म्हणून मोजली होती. दुसरी चूक वर्तुळाची. संख्येच्या प्रमाणात मी त्रिज्या वाढवली होती. त्रिज्या चौपट झाली की क्षेत्रफळ सोळापट होतं आणि डोळा क्षेत्रफळच बघतो. चार पदकांचा देश एका पदकाच्या देशाच्या सोळापट दिसत होता. दोन्ही दुरुस्त केल्यावर भारताची एकूण पदकं ४१ झाली, दहा सुवर्ण, दहा रौप्य, एकवीस कांस्य, आणि ती नोंदींशी जुळली. त्यात १९०० सालच्या पॅरिसमधली नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यंही आली. कोलकात्यात जन्मलेला हा धावपटू नेमका कोणाचा, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती पदकं भारताच्या नावावर मांडते, म्हणून मीही मांडली.

मग मी खेळत बसले. क्रम लावायचं बटण आधी. पॅरिसमध्ये अमेरिका आणि चीन दोघांची सुवर्णं चाळीस-चाळीस, रौप्यांमुळे अमेरिका वर. ब्रिटन सुवर्णांच्या क्रमाने सातवा, पण एकूण पदकांचं बटण दाबलं की १२६ आणि ९१ च्या खाली ६५ पदकांनिशी थेट तिसरा. भारत सहा पदकं घेऊन ७१ वा, आणि अर्शद नदीमच्या एका भाल्यावर पाकिस्तान ६२ वा. एका बटणाने देशांची प्रतिष्ठा खालीवर होते. ऑलिंपिकच्या सनदेत लिहिलं आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. ते वाक्य कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही. अण्णांच्याही नाही, माझ्याही नाही.

त्याच भालाफेकीचं पदकव्यासपीठ मी कितीतरी वेळ पडद्यावर उघडं ठेवलं होतं. नदीम ९२.९७ मीटर, नीरज चोप्रा ८९.४५, आणि तिसरा ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स, ८८.५४. लोकसंख्येप्रमाणे पाया काढला तर रौप्याच्या पायरीखाली एकशे चाळीस कोटींहून जास्त माणसं आणि कांस्याच्या पायरीखाली सव्वा लाखसुद्धा नाहीत. आमच्या एका कराड तालुक्यात ग्रेनाडाच्या कितीतरी पट लोक राहतात. त्या बेटाने पॅरिसमध्ये दोन कांस्यं नेली. दरडोई पदकांचं बटण दाबलं की असे चिमुकले देश सरसर वर येतात आणि आपण तळाला जातो. त्याने आधी मन खट्टू होतं. पण हा हिशेबही पुरा खरा नाही. कुस्तीत एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो. देश एकशे चाळीस कोटींचा असो की सव्वा लाखाचा, जागा एकच. माणसं वाढली म्हणून दारं वाढत नाहीत.

आणि दारं खेळागणिक कमी-जास्त. पॅरिसमध्ये तलावातल्या पोहण्याची पस्तीस सुवर्णपदकं होती, हॉकीची दोन: एक पुरुषांचं, एक महिलांचं. मायकेल फेल्प्सची एकट्याची तेवीस सुवर्णं आणि भारताची मिळून दहा, ही तुलना आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फार फिरते. मला ती पटत नाही. जो देश ज्या खेळात रमला, त्या खेळात जिंकायला मुळात किती जागा होत्या, ते आधी बघायला हवं.

हॉकीची रेघ मी वेगळी काढली. १९२८ ते १९५६ सलग सहा सुवर्णं, रेघ छताला चिकटलेली. १९६० ला रोममध्ये पाकिस्तानकडून हरून पहिल्यांदा खाली. १९७६ ला माँट्रियलमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. रेघ तिथे अशी तुटते की जणू कुणी कात्रीने कापली. १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण तिथे एकटं उभं आहे. त्या वर्षी बहिष्कारामुळे पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, पाकिस्तान यांचे हॉकी संघ आलेच नव्हते. बहिष्काराचं वर्ष आलेखात लगेच ओळखू येतं: १९८० ला सोव्हिएत संघाचं वर्तुळ फुगतं, १९८४ ला अमेरिकेचं, त्र्याऐंशी सुवर्णांचं. कोण जिंकलं ते वर्तुळावरून कळतं. कोण आलंच नाही, हे आपल्याला ठाऊक असावं लागतं.

देश म्हणून जी रेघ आपण ओढतो तीसुद्धा कुठे अखंड असते? १९८८ ला सोलमध्ये सोव्हिएत संघाची जाड रेघ आहे, चार वर्षांनी ती नाही, आणि मग तिच्या जागी रशिया, युक्रेन, कझाकस्तान अशा कितीतरी बारीक रेघा. आपली रेघही अशीच फाटली आहे. अली दारा १९३६ ला बर्लिनमध्ये भारताकडून खेळून सुवर्णपदक जिंकला आणि १९४८ ला लंडनमध्ये पाकिस्तानच्या हॉकी संघाचा कर्णधार होता. त्याच्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा, यावर मी बराच वेळ थांबले. शेवटी दोन्ही दिले, अर्धा-अर्धा.

सप्टेंबरात डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर दिला आणि एका रविवारी मी अण्णांना मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. माउस कसा धरायचा ते दाखवलं. स्लायडर ओढताना त्यांचा हात थरथरत होता. तिकिटाचा ट्रे सांभाळत धावत्या गाडीत तोल सावरणारा हात तो. मी सरळ १९५२ वर थांबवायला सांगितलं. हेलसिंकी. भारताच्या जागी दोन पदकांचं वर्तुळ. कर्सर नेला, चौकट उघडली: हॉकी, सुवर्ण. खाशाबा जाधव, कुस्ती, बँटमवेट, कांस्य.

मला वाटलं, ते आनंदतील. ते चौकटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आन् मंगावे कुठं हाय?"

"कोण मंगावे?"

"केशव मंगावे. कोल्हापूरचा. खाशाबांच्या संगं गेलता. त्येचा चवथा नंबर आला. आमच्या तालमीत दोघांचं नाव एका दमात घ्यायचे."

मी फिल्टर लावला, शोधलं. मंगावे आलेखात नव्हते. असणार कसे? त्या लाखो ओळींच्या फाइलमध्ये पदकाच्या रकान्यात चारच गोष्टी असू शकतात: सुवर्ण, रौप्य, कांस्य, नाहीतर 'एनए', म्हणजे पदक नाही. क्रमांकाचा रकानाच नाही. चौथा आलेला मल्ल आणि पहिल्याच कुस्तीत चीत झालेला मल्ल, दोघांपुढे तेच 'एनए'. मी महिनाभर ज्या फाइलवर काम करत होते, तिच्यात ही उणीव होती आणि मला ती खुपलीही नव्हती. कारण मी पदकं मोजत होते. रिकामी गाडी आणि एक प्रवासी कमी असलेली गाडी यांचं वेबिल एकच भरल्यासारखं ते होतं. अण्णा असं काही बोलले नाहीत, पण मला त्यांच्याच भाषेत ते कळलं.

त्यानंतरचे दोन महिने मी चौथे क्रमांक गोळा केले. ऑलिंपिडिया या संकेतस्थळावर जुन्या स्पर्धांचे पूर्ण निकाल मिळतात, कोण कितवा आला तेही. मी खेळ आणि वर्ष घेऊन एकेक पान उघडत गेले. रात्री जेवणं झाली की तासभर तेच. एक नियम ठरवावा लागला. २००८ पासून कुस्तीत प्रत्येक वजनगटात दोन कांस्यं देतात, त्यामुळे तिथे चौथा क्रमांक उरलाच नाही. कांस्याची कुस्ती हरलेला पाचवा ठरतो. मग त्या पाचव्यालाही मी चौथ्यात धरलं. मंगावेंच्या वेळी असं दुसरं कांस्य नव्हतं.

पदकांची वर्तुळं भरीव होती, म्हणून चौथ्यांची मी पोकळ काढली. नुसती कडा, आत काही नाही.

आलेख बदलला. भारताच्या ओळीत ज्या वर्षांवर नुसता कोरा कागद होता तिथे कडा उमटू लागल्या. सगळ्यात आधीची मला १९२० ला सापडली, अँटवर्पमध्ये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने आणि दोराबजी टाटांच्या पाठबळावर भारताचे मूठभर खेळाडू तिकडे गेले होते. त्यातले मल्ल रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. १९५६ ला मेलबर्नमध्ये फुटबॉल संघ चौथा, त्यात मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेली हॅटट्रिक. १९६० ला मिल्खा सिंग, हातातल्या घड्याळांनी ४५.६ सेकंद, तिसरा ४५.५. १९७२ ला म्युनिकमध्ये कुस्तीत दोन कडा: सुदेश कुमार आणि प्रेम नाथ.

आणि १९८४. तिथे मला एक वर्तुळ अपेक्षित होतंच. पी. टी. उषा, ४०० मीटर अडथळा शर्यत, ५५.४२ सेकंद. रोमानियाची तिसरी आलेली धावपटू ५५.४१. सेकंदाचा शंभरावा भाग. पण लॉस एंजलिसवर दोन कडा उमटल्या. दुसरी राजिंदर सिंग यांची, ७४ किलो, फ्रीस्टाइल कुस्ती. खेळांची माहिती ठेवणाऱ्या घरात मी वाढले, पण हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. उषाचं दुःख सगळ्या देशाने केलं. राजिंदर सिंगांचं कुणी केलं असेल?

पॅरिसवर तर सहा कडा आहेत. सहा भरीव पदकं आणि सहा पोकळ. मीराबाई चानूने १९९ किलो उचलले, तिसऱ्या आलेल्या थायलंडच्या मुलीने २००. एक किलोची साखरेची पिशवी घ्या हातात, एवढंच. या बारांकडे बघितलं की पॅरिसची कामगिरी टोकियोच्या सात पदकांपेक्षा कमी, हे वाक्य अडखळतं. मला तरी ते आता सरळ म्हणवत नाही.

चौथ्यावर थांबायचं कारण काय, हा प्रश्न माझा मलाच पडला. तेव्हा अंतिम फेरीत पोचलेल्यांचे बारीक ठिपके घातले. त्यात ललिता बाबर आली: २०१६ ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. उषानंतर बत्तीस वर्षांनी वैयक्तिक शर्यतीची पात्रता फेरी पार करून ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत धावलेली भारतीय स्त्री. त्यात अविनाश साबळे आला, त्याच शर्यतीत, पॅरिसला अकरावा. पदकतक्त्यात या दोघांचं नाव कधीच येणार नाही. पण १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जायचा. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला, पहिल्या केनियनच्या फक्त पाच शतांश सेकंद मागे. ती रांग त्याने मोडली.

ललिता माण तालुक्यातल्या मोहीची. साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. नकाशाचं पान उघडून मी ही गावं टाकली आणि थबकले. दोन्ही पावसाने पाठ फिरवलेले तालुके, आणि दोघंही एकाच शर्यतीत, ज्यात वाटेत पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. दोन ठिपक्यांवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मला नोकरीने शिकवलं आहे आणि मी तो काढत नाही. पण ते दोन ठिपके नकाशावरून मला पुसवत नाहीत. बीड जिल्ह्यातला आणखी एक ठिपका पाटोद्याचा: राहुल आवारे, २०१९ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. ६१ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून तोही ऑलिंपिकच्या कुठल्याच वर्तुळात बसत नाही.

नकाशावर गावं आली तसा एक रकाना मला फार हवासा वाटला, जो कुठल्याच फाइलमध्ये नाही: या माणसाला खेळायला कुणी पोसलं? साबळे लष्करात. कुसाळे पॅरिसच्या पदकापर्यंत रेल्वेत तिकीट तपासनीस. आणि खाशाबा? १९४८ ला लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीतल्या या मल्लाला तिथे मॅटवर लढावं लागलं, तरी ते सहावे आले. हेलसिंकीच्या वेळी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून आधी ते घर सोडवलं. आलेखात हे एका भरीव वर्तुळात मिटलेलं असतं आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं 'भारत'. त्या वर्तुळाला 'भारत' म्हणताना मला आता ते घर आठवतं.

दिवाळीला अण्णा कराडला परतले होते, म्हणून लॅपटॉप घेऊन मीच गेले. तोवर मी पॅरालिंपिकचा थरही घातला होता. रिओत चार पदकं, टोकियोत एकोणीस, पॅरिसमध्ये एकोणतीस. आलेखात याच्याइतकी उंच चढण भारताच्या दुसऱ्या कुठल्याच रेघेला नाही. त्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीचं रौप्य आहे. पण अण्णा स्लायडर मागे ओढत गेले आणि त्यांच्या वहीच्या पहिल्या वर्षावर, १९७२ वर थांबले. हायडलबर्गचं पॅरालिंपिक. मुरलीकांत पेटकर, पोहणं, ५० मीटर फ्रीस्टाइल, सुवर्ण. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण म्हणून आपण २००८ चा अभिनव बिंद्रा सांगतो, ऑलिंपिकपुरतं ते खरंच आहे. पॅरालिंपिक धरलं तर ते छत्तीस वर्षं आधी आलेलं होतं.

"पेठचा," अण्णा म्हणाले. "पेठ नाक्यावर माझी गाडी रोज थांबायची. रोज. आन् मला त्या वक्ताला ठावं न्हवतं."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आई फराळाचं ताट ठेवून गेली. त्यांनी १९५२ वर जाऊन पोकळ वर्तुळावर कर्सर नेला. चौकट उघडली: केशव मंगावे, कुस्ती, फेदरवेट, चौथा. त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

संध्याकाळी वही निघाली. नव्या चष्म्यातून त्यांनी समासाची रुंदी पाहिली, पट्टी लावली आणि 'एकूण'च्या पुढे, समासात, एक जादा रकाना आखायला घेतला. पहिल्या पानापासून, एकेक पान. पट्टीला हात थरथरू नये म्हणून दुसऱ्या टोकाला मी बोट धरलं होतं. रकान्याच्या डोक्यावर त्यांनी 'चवथा' असं लिहिलं. १९७२ च्या पानावर पेटकरांचं नाव तळाशी वेगळं लिहिलं आणि रकान्यात दोन मांडले. १९८४ च्या पानावर आले. तळाला लाल शाईतला भारत, चार शून्यं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उषा आणि राजिंदर सिंग.

त्यांनी लाल पेन झटकून घेतलं आणि चौथ्या शून्याच्या पुढे, नव्या रकान्यात, दोन लिहिले. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पान उलटलं.

"अठ्ठ्याऐंशीला कोण हाय, बघ."